विद्यार्थिनीची चूक कोणती?

सोमवार, ९ जुलै २००७

आल्या आल्या चौथा प्रश्न गळ्यात पडला!

पाच वर्षं जुलै महिन्यात इथे त्रिनिदादला रसायनाचे पेपर तपासायला येतेय. पाच वर्षांत मोलची गणितं तपासली, क्षार तपासले, गेल्या वर्षी तर विद्युत अपघटन दोन आठवडे. हा प्रश्न कधी वाट्याला आला नव्हता. पेपरातच नसायचा. यंदा आहे, आणि मुख्य परीक्षक रामलोचन सरांनी गठ्ठा नेमका माझ्यासमोर ठेवला.

"मिस टेलेसफर्ड, ग्रेनाडाच्या लोकांना जायफळावर प्रश्न द्यायला हवा होता. पण काय करणार, यंदा ॲसिडच आहे. चालवून घ्या."

आमचं बेट जायफळाचं, त्यामुळे टेबलाभोवती सगळे हसले. मीही हसले.

प्रश्न असा: एका विद्यार्थिनीने संहत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पाणी ओतले. (अ) विद्यार्थिनीची चूक कोणती? (ब) काय होईल? (क) योग्य पद्धत लिहा. एकेक मार्क. एकूण तीन.

बदलून मागता आला असता. "सर, मला दुसरा द्या" — एवढंच म्हणायचं. पण ते विचारणार, का?

मंगळवार, १० जुलै

एकशे चाळीस पेपर झाले. नेहमीचेच यशस्वी कलाकार. "तीव्र" आणि "संहत" यांतला फरक अजून एकालाही कळलेला नाही. "पारदर्शक" लिहितात तिथे "रंगहीन" हवं असतं. निळं पाणीसुद्धा पारदर्शक असतं रे बाळांनो! एकाने एच-टू-ओ मधला दोन वर चढवलाय, एकाने एच-वीस-ओ केलंय.

शेजारी सेंट लुशियाची युलाली बसते. तिच्याकडे वायूंचा प्रश्न. दर दहा मिनिटांनी डोकं धरते. "अगं, ऐक! जळती काडी नेली की ऑक्सिजन 'फट्' असा आवाज करतो म्हणे! आणि हा बघ, क्लोरीनने लिटमस लाल होतो, पुढे काही नाही. पांढरा कोण करणार, याची आजी?"

तिच्यामुळे दिवस जातो.

पण माझ्या गठ्ठ्यात हसण्यासारखं नाही. (क) मध्ये निम्म्यांनी उलटंच लिहिलंय. *आधी ॲसिड घ्यावे, मग त्यात हळूहळू पाणी घालावे.* प्रश्नातच चूक सांगितली आहे, तरी खाली उत्तरात तीच चूक, फक्त "हळूहळू" हा शब्द घालून. जणू हळू ओतलं की ॲसिडला कळत नाही.

वेगवेगळ्या अक्षरांत तेच वाक्य. गोल अक्षर, तिरपं अक्षर, किडे-मुंग्या. मी शून्य देते. शून्य देते. शून्य देते.

बुधवार, ११ जुलै

आज एकशे ब्याऐंशी. उलटं लिहिणारे त्र्याण्णव. मी मोजतेय कशाला?

गुरुवार, १२ जुलै

दुपारच्या सुट्टीत युलालीने डबल्स आणले, तिखट भरपूर घालून. दोन पुऱ्या, मध्ये छोले, हाताला ओघळ. मला एक घास गिळेना. ती म्हणाली, "तुझा चेहरा असा का गं? कोणी मेलं का घरी?"

नाही म्हटलं. कोणी मेलं नाही.

हेच मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. कोणी मेलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता सगळे पांगले तरी मी हॉलमध्ये बसून होते. पंखे बंद केले होते. समोरच्या भिंतीवर या शाळेचा फळा आहे, कोणीतरी पुसलेला. पुसलेल्या फळ्यावर जुनी अक्षरं पुसट दिसतातच, नाही का? कितीही पुसा. मी उठून जवळ जाऊन बघितलं. इतिहासाच्या सनावळ्या होत्या.

शुक्रवार, १३ जुलै



आज बाहेरून बसलेल्यांचा गठ्ठा आला. इथल्याच, त्रिनिदादच्या केंद्रावरचा. नोकरी करून परीक्षा देणारी मोठी माणसं असतात ही. नीट लिहितात, पानं वाया घालवत नाहीत. आमच्या बेटाचे पेपर मला देत नाहीत, तसा नियमच आहे. त्यामुळे मी निर्धास्त होते.

सतरावा पेपर.

*(अ) विद्यार्थिनीची चूक नाही. तिने फळ्यावर लिहिले होते तसे केले.*

*(ब) ॲसिड एकदम तापते, उकळते आणि उडते. आधी फक्त ओले वाटते. मग डावा डोळा जातो.*

*(क) पाणी आधी. ॲसिड त्यात, थोडे थोडे, काचेच्या कांडीने ढवळत. डोळ्यांवर गॉगल.*

नाव नसतं पेपरवर, फक्त नंबर. पण मला नाव कशाला हवं? चारचा आकडा वरून मिटवलेला, "आर"चा पाय लांब ओढलेला. पाच वर्षं मी ते अक्षर तपासलं होतं. तेव्हा दर वेळी खाली लिहायची — छान, डेल्मा.

डेल्मा कॅडोर. आता पस्तीस वर्षांची असेल.

मी तीनपैकी तीन मार्क दिले. पेपर गठ्ठ्याच्या मधोमध घातला. आणि अठरावा उघडला.

शनिवार, १४ जुलै

सुट्टी. युलाली बाजारात गेली, मला ओढत होती, डोकं दुखतंय म्हणून राहिले. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसलेय. समोर रस्ता, पलीकडे लोक क्रिकेट खेळताहेत. आता लिहून काढते. या वहीत काय, कुठल्याच वहीत हे लिहिलेलं नाही.

मार्च १९८८. गुयाव्हची आमची शाळा. मी सत्तावीस वर्षांची, रसायनाची एकटीच शिक्षिका. लॅबचा मदतनीस रजेवर. पाचवीच्या वर्गाला — म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांना — दुपारी क्षार बनवायला शिकवायचं होतं आणि त्यासाठी विरल ॲसिड तयार नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी धावत लॅबमध्ये गेले. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या. डेल्माला बोलावलं. वर्गातली सगळ्यात हुशार, हात स्थिर. तिच्यावर मी घर सोपवलं असतं.

"हे एवढं करून ठेव गं. मी स्टोअरमध्ये आहे."

स्टोअर शेजारीच. मी तिथे कॉपर ऑक्साईडची बाटली शोधत होते. घाईत होते. दहा मिनिटं झाली असतील. मग ती ओरडली.

नळाखाली तिचं डोकं धरलं. पाणी, पाणी, पाणी. तिचा शर्ट विरघळत होता. मुलं खिडकीशी गोळा झाली. मुख्याध्यापक सेंट बर्नार्ड धावत आले, तिला जीपमध्ये घालून सेंट जॉर्जेसच्या हॉस्पिटलला नेलं. मुलांना मी मैदानावर पाठवलं. लॅबमध्ये मी एकटी राहिले. तेव्हा फळ्याकडे बघितलं.

१. बीकरमध्ये ५० मिली संहत ॲसिड घ्या.
२. त्यात २०० मिली पाणी सावकाश घाला.

माझं अक्षर. माझा खडू.

मी डस्टर घेतलं. पुसलं. आणि — हे लिहिताना पेन थांबतंय — खडू उचलून पुन्हा लिहिलं. बरोबर. आधी पाणी, मग ॲसिड. शांतपणे, सरळ ओळीत. नंतर सेंट बर्नार्ड परत आले, त्यांनी फळा वाचला, मान हलवली. "फळ्यावर इतकं स्वच्छ लिहिलंय! काय म्हणावं या पोरांना!"

डेल्माने हॉस्पिटलमध्ये सांगितलं की फळ्यावर उलटं होतं. तिच्या आईने येऊन विचारलं. सेंट बर्नार्ड म्हणाले, "बाई, मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय." त्यांनी चौकशीचं पत्र लिहिलं: विद्यार्थिनीने सूचना नीट वाचल्या नाहीत. खाली सही त्यांची. त्याखाली माझी.

ती शाळेत परत आली नाही. परीक्षेला बसली नाही. वर्षभरात ते लोक बेट सोडून गेले.

सेंट बर्नार्ड कधीच वारले. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात लॅबचं छप्पर गेलं, फळाही गेला. मला सुटल्यासारखं वाटलं होतं! एवढी माणसं बेघर झाली आणि मी एका फळ्याच्या नावाने सुटकेचा श्वास टाकला.

सोमवार, १६ जुलै

रामलोचन सर दर सोमवारी प्रत्येकाच्या गठ्ठ्यातले दहा पेपर काढून पुन्हा तपासतात. आज काढलेल्या दहांत तो होता. होणारच.

"मिस टेलेसफर्ड, हे काय? (अ) ला मार्क? इथे तर लिहिलंय, चूकच नाही!"

"पुढे तिने बरोबर पद्धत लिहिली आहे, सर. म्हणजे चूक तिला कळली आहे."

"कळली आहे, पण लिहिली नाही. आपण लिहिलेल्याला मार्क देतो, कळलेल्याला नाही."

युलालीने मान लांब करून वाचलं. "अरे वा! ही वकील व्हायची, केमिस्ट नाही. फळ्यावर ढकलते!"

टेबल हसलं. बार्बाडोसचा म्हातारा गृहस्थ म्हणाला, "दर वर्षी एक तरी असा असतोच. नापास झाला की मास्तर वाईट."

रामलोचन सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला, बोटाने दाखवलं. "तुम्हीच बदला. तुमची सही हवी बाजूला."

मी लाल पेन घेतलं. एकावर काट मारली, शून्य लिहिलं, शेजारी आद्याक्षरं. व्ही. टी. तीन मार्कांचे दोन.

पुन्हा एकदा. माझ्याच हाताने.

मंगळवार, १७ जुलै

गठ्ठ्यातले उरलेले सगळे उलटे. की मी उलटं वाचतेय?

बुधवार, १८ जुलै

आज सांगितलं.

चहाच्या वेळी रामलोचन सर व्हरांड्यात एकटे उभे होते, बिस्किट बुडवत. मी गेले. म्हटलं, "सर, तो पेपर. फळ्याचा. ती मुलगी माझ्या ओळखीची आहे."

"मग त्याच दिवशी सांगायचं होतं. ओळखीचा पेपर आपण तपासत नाही. द्या इकडे, मी दुसऱ्याला देतो. फॉर्म भरा, झालं."

"झालं नाही. तिने खरं लिहिलंय. तो फळा मी लिहिला होता."

बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते काढलं नाही. मी सगळं सांगितलं, तिच्या नावासकट, जसं शनिवारी वर लिहिलंय तसं. स्टोअर, डस्टर, खडू, सही. वर्गात शिकवावं तसं क्रमाने. ते कठड्याला टेकून ऐकत होते. मैदानात कोणाची तरी म्हैस शिरली होती, वॉचमन हाकलत होता. तिच्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "मला हे का सांगताय, मिस टेलेसफर्ड? मी केमिस्ट्रीचा माणूस. पाद्री नाही, पंडितही नाही."

"तिला तो मार्क मिळायला हवा म्हणून."

"तो मिळणार नाही." सरळ सांगितलं. "उत्तरांची यादी तुमच्या-माझ्यासाठी बदलत नाही. आणि बदलायची गरजही नाही. मी तिचा अख्खा पेपर पाहिलाय. पहिला वर्ग आहे. मस्त पेपर आहे हो! एका मार्काने तिचं काही अडलेलं नाही." कप कठड्यावर ठेवला. "अडलंय तुमचं."

मला राग आला. मग रडू आलं. त्यांनी रुमाल दिला, धुतलेला, इस्त्रीचा, निळीचा वास येणारा. म्हणाले, "माझ्या बायकोचा भाऊ अरिमाला पोस्टात आहे. कॅडोर नाव तिकडे फार नाही. पण मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. नंबरावरून माणूस शोधणं नियमात बसत नाही. तुमच्या ओळखीने शोधा."

"अरिमा का म्हणालात?"

"केंद्र अरिमाचं आहे," ते म्हणाले आणि कप घेऊन आत गेले.

शुक्रवार, २० जुलै

सकाळी गुयाव्हला बर्निसला फोन केला. माझी धाकटी बहीण. तिला गावातल्या प्रत्येक कुटुंबाचं सात पिढ्यांचं माहीत असतं.

"कॅडोर? डोळा गेलेल्या पोरीचे? अगं, ते अरिमाला, तिच्या मावशीकडे. मावशी गेली, घर त्या पोरीलाच. औषधाच्या दुकानात काउंटरवर असते म्हणे. तुला काय आठवण झाली एकदम?"

"सहज."

"तुझी ती विद्यार्थिनी ना? तिने तुझ्या नावाने काय काय बोंब मारली होती तेव्हा! आई किती रडली होती. जाऊ नकोस तिच्याकडे. अपमान करेल."

मी म्हटलं, पत्ता दे.

पेपर संपले आज. शेवटी प्रत्येकाला आपल्या प्रश्नाबद्दल परिच्छेद लिहायचा असतो — विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका. तो छापून सगळ्या शाळांना जातो. मी लिहिलं: *अनेकांनी ॲसिडमध्ये पाणी घालण्याची चुकीची पद्धतच योग्य म्हणून लिहिली.* मग एक वाक्य वाढवलं: *शिक्षकांनी स्वतः लिहिलेला क्रम वर्गापुढे मोठ्याने वाचून पाहावा.*

रामलोचन सरांनी वाचलं. ते वाक्य काढलं नाही. फक्त स्वल्पविराम दुरुस्त केला.

रविवार, २२ जुलै

जाऊन आले.

सकाळची मॅक्सी, म्हणजे इथली मिनीबस, लाल पट्ट्याची. अरिमाला उतरून चालत गेले. क्रोटनचं कुंपण, हिरवं लोखंडी दार. मी हाक मारली. आतून बाई आली, डोक्यावर पदरासारखा रुमाल बांधलेला, हातात सुरी. काळा चष्मा. उंच झालीय. अंगाने भरलीय. डाव्या गालावरून मानेपर्यंत कातडी आवळलेली, चमकदार.

तिने मला बघितलं. फार वेळ नाही.

"मिस टेलेसफर्ड," ती म्हणाली. "या. चपला राहू देत."

स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर अळूची पानं, भेंडी, नारळ. रविवारचं कॅलालू. ती बसली आणि परत पानं चिरायला लागली. देठ वेगळे, पानं वेगळी. हात अजून तितकेच स्थिर.

"पेपर तपासायला आलात ना? ऐकलं होतं, ग्रेनाडाहून येतात म्हणून."

"हो."

"कोणता प्रश्न होता, विचारत नाही. तुम्हाला सांगता यायचं नाही." सुरी थांबली नाही. "मला फार्मसीचा कोर्स करायचाय. केमिस्ट्री लागते. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हातात बाटल्या देतेय."

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती बाजूला ठेवली. म्हटलं, "डेल्मा, फळ्यावर माझं चुकलं होतं. तू लिहिलं होतं तसंच केलंस. मी नंतर पुसलं. बरोबर लिहून ठेवलं. पत्रावर सही केली."

तिने एक पान गुंडाळलं, चिरलं. दुसरं घेतलं.

"माहीत आहे, मिस. मला वाचता येत होतं."

"तुझ्या आईला मी—"

"आई गेली. सहा वर्षं झाली." आता सुरी खाली ठेवली. "तिला शेवटपर्यंत वाटायचं, मी घाबरून खोटं बोलले. जाताना माझा हात धरून म्हणाली, बाळा, तू खोटं बोललीस ते मी माफ केलं, देवही करेल. मी काय म्हणणार? म्हटलं, बरं आई."

नारळाचं दूध पातेल्यात ओतलं तिने. मी टेबलाची कड धरून बसले होते. मी म्हटलं, मी शिक्षण खात्याला पत्र लिहिते, सगळं लिहिते, त्याची प्रत तुला. सेंट बर्नार्ड नाहीत, पण मी आहे. नोकरी गेली तरी चालेल. जे सांगायचं होतं ते सगळं बोलले. 

तिने चष्मा काढला. उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. डावा काचेचा, जरा बाहेर वळलेला.

"एवढंच, मिस?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."

ती बघत राहिली. मला वाटलं रागावेल, बर्निस म्हणाली तसं. नाही रागावली. चष्मा परत घातला.

"बरं. कॅलालू होतंय. खाऊन जा."

मी खाल्लं. दोनदा वाढून घेतलं! भात, कॅलालू, भाजलेल्या मॅकरोनीचा तुकडा. दोन आठवड्यांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली. ती फारसं बोलली नाही. दारापर्यंत आली, म्हणाली, "सांभाळून जा, मिस."

परतीच्या मॅक्सीत झोप लागली मला, खिडकीला डोकं टेकून. कंडक्टरने हलवून उठवलं. हलकं वाटतंय. पत्राचा मसुदा केलाय, दोन पानं. उद्या सकाळी विमान. एकोणीस वर्षांनी हलकं वाटतंय.

सोमवार, २३ जुलै

बॅग भरून दारात ठेवली होती. युलाली टॅक्सी आणायला गेली. पत्र एकदा वाचून पाहावं म्हणून उघडलं, मोठ्याने वाचलं. "मी स्टोअरमध्ये कॉपर ऑक्साईड शोधत होते" — इथे कागद खाली ठेवला.

त्या दिवशी डेल्मा स्टोअरच्या दारात आली होती.

हातात वही होती. हळूच म्हणाली, "मिस, फळ्यावर उलटं झालंय का? ॲसिड पाण्यात घालायचं असतं ना?"

मी वळूनही बघितलं नाही. म्हटलं, "फार शहाणपणा नको. लिहिलंय तसं कर."

हे मी विसरले नव्हते. कधीच नाही. शनिवारी वर दोन पानं लिहिली, त्यातही नाही लिहिलं. काल टेबलापाशी ती त्याचीच वाट बघत होती.

विमान जाऊ दे. अरिमाची मॅक्सी नऊ वाजता आहे.